मला आधी आडवी करा

कापून झालं की विळी आडवी करून ठेवतात. एवढी साधी रीत ज्याला माहीत नाही, त्याने लोकांना खायला घालायचं दुकान काढावं, याला काय म्हणावं? या सुदर्शनने गेले आठ महिने मला काउंटरवर उभी करून ठेवली आहे. शाळेत खोडकर पोराला उभं करतात तशी. खोडी याची आणि शिक्षा मला!

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. नाहीतर तुमच्यातले निम्मे माझ्या शेजारी तोंडाचा चंबू करून फोटो काढतात आणि ‘हे काय असतं?’ असं विचारत निघून जातात.

माझं पातं मंडईमागच्या एका लोहाराने ठोकलं. पाट मोडक्या सागवानी दाराचा, आणि टोकाला नारळ खवायची खवणी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. माझ्या बाईंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, ते दुसरीपर्यंत पाहिलं. पण त्या बाईने नारायण पेठेत खानावळ चालवली, आणि आम्ही दोघींनी मिळून बेचाळीस वर्षं, परीक्षेच्या अभ्यासाला गावाकडून आलेल्या पोरांच्या ताटात कोशिंबीर वाढली. काकडी किसायची नाही, हा बाईंचा नियम. किसली की पाणी सुटतं आणि कोशिंबिरीचं सार होतं. काकडी चोचवायची. पाटावर पाय दाबून, पात्यावर तिला उभ्या-आडव्या बारीक चिरा पाडायच्या आणि मग दाण्यांएवढे तुकडे खाली पाडायचे. दाताखाली ती कुरकुर वाजली पाहिजे. एखाद्या दिवशी उशीर झाला आणि कुणी म्हणालं, “काकू, आज किसून टाका ना,” तर बाई म्हणायच्या, “मग नाव पण दुसऱ्याचं सांगा. माझ्या नावावर नको.”

दर महिन्याला मच्छिंद्र धारवाला सायकल घेऊन यायचा. सायकल स्टँडवर लावून पायडल मारायचा, आणि फिरत्या दगडावर माझ्या पात्यातून ठिणग्या उडायच्या. दसऱ्याला मला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. एकदा एका पोराने मला ओलांडलं, तर बाईंनी त्याला परत यायला लावून नमस्कार करायला लावला. असा मान होता माझा, आणि तो मी कामाने मिळवला होता.

मग बाईंचे गुडघे गेले. जमिनीवर बसणं बंद, खानावळ बंद. त्यांनी मला तेल लावून जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. त्याचा मला राग नाही. म्हाताऱ्या बाईने म्हातारीला झोपवलं, एवढंच.

राग आहे तो नातवाचा. सुदर्शन आला आणि म्हणाला, “आजी, मी कॅफे काढतोय. विळी दे ना. रोज हिच्यावरच काकडी चोचवणार.”

“रोज?”

“रोज. तुझी शपथ.”

बाईंनी मला लुगड्यासकट त्याच्या हातात दिलं. यानं काय केलं? मला धायरीला कुठल्याशा वर्कशॉपमध्ये नेलं, मशीन लावून माझी धार बोथट केली आणि वर काळा चकचकीत रंग फासला. का, तर “गिऱ्हाइकाच्या मुलाला लागलं तर?” अरे बाळा, लागू नये म्हणूनच तर विळी आडवी करतात! यानं तर चार स्क्रू मारून मला उभीच ठोकली.

जागा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पिवळे दिवे आहेत, वेताच्या खुर्च्या आहेत, काचेच्या कपाटात चीज आणि पाव आहेत. कॉफीचा वास तर असा, की रस्त्यावरचा माणूस आत वळावा. पण माझ्या डोक्यावर एक फळा आहे. मला वाचता येत नाही. येणारा जाणारा मोठ्याने वाचतो म्हणून कळलं: ‘द्वारकाबाईंच्या विळीवर रोज ताजी चोचवलेली काकडी’. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती कामाला ठेवलेली रुपाली रोज सकाळी प्लास्टिकचं पाकीट फाडून, कालची मशीनने कापलेली काकडी सँडविचमध्ये भरते. तिला तरी काय बोलू? तिला जे सांगितलं ते ती करते.

परवा बाई आल्या. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर, या दुकानात पहिल्यांदाच, हातात काठी घेऊन. सुदर्शनने खुर्ची ओढून दिली आणि स्वतः कॉफी केली, जायफळ घालून. बाई बशीत ओतून ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

त्या उठल्या. आधी हात पुढे केला तो मला आडवी करायला. बेचाळीस वर्षांची सवय! मी हलले नाही. बाईंनी वाकून स्क्रू पाहिले. मग अंगठा पात्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला, दाबून. अंगठा कोरडाच.

“आजी, अगं, डिस्प्लेला आहे ती,” सुदर्शन म्हणाला. “लोकांना फार ऑथेंटिक वाटतं.”

“थांब, वाचू दे.” बाईंनी फळ्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. स्वतःचं नाव लागायला वेळ लागला नाही. पुढचं लागलं तशी त्यांची मान ताठ होत गेली. “पोरी, मला जरा काकडी दाखव बरं.”

रुपालीने सुदर्शनकडे पाहिलं आणि पाकीट पुढे केलं. बाईंनी चिमूटभर तोंडात टाकून चावली. कुरकुर वाजली नाही. गिऱ्हाइकंही चावायची थांबली होती.

“आजी, सगळेच असं करतात गं...”

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग फासून मिरवू नका. तिला धार लावा, कामाला घ्या. ते जमत नसेल तर सरळ मोडीत द्या, मी हूं की चूं करणार नाही. पण तिच्या नावावर खोटं वाढू नका. हे मला ओरडून सांगायचं होतं. मला तोंड नाही. बाईंना आहे.

“सुदर्शन, स्क्रू काढ,” बाई म्हणाल्या. “हिची धार मच्छिंद्र चाकावर धरून परत आणील. माझं नाव कुठल्या चाकावर धरणार आहेस तू? फळा उतरव. आत्ता, या लोकांसमोर. आणि कॉफी चांगली केलीस हो. तिच्यावर लिही तुझं नाव.”