शैलाची बाजू

हर्षाली मंचरची. बिजवराला दिली म्हणून तिच्या आईनं मांडवात डोळ्याला पदर लावला होता, पण हर्षालीनं गोरखला बघून, विचार करून होकार दिला होता. माणूस शांत, निर्व्यसनी. राजुरीत बागायती, आळेफाट्याला ठिबकच्या पाइपांचं दुकान. पहिली बायको शैला दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेलेली, तिची पूर्वा नावाची सहा वर्षांची मुलगी. सगळं सांगूनसवरून झालं होतं. सांगायचं राहिलं होतं ते फक्त कॉम्प्युटरचं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं, प्रयागबाईनं, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. नखाएवढा, त्यावर बाईची आकृती.

"ही शैली," प्रयागबाई म्हणाली. "पहिलीचा मान. जेवताना पहिला घास हिच्या नावानं काढायचा. मंग ती तुला काय बी करायची न्हाई."

रीत हर्षालीला ऐकून माहीत होती. मंचरला तिच्या चुलतीच्या गळ्यातही असा टाक होता. तिनं मान खाली घातली आणि बांधून घेतला.

त्याच संध्याकाळी ती भाकरीचं पीठ मळत होती. पुढच्या खोलीतून एका बाईचा आवाज आला. मऊ, जरासा हसरा. "पूर्वा, पुस्तक घे बाळा. दिवे लागले."

हर्षालीला वाटलं, शेजारची कुणी आली असेल. पिठाच्या हातानं ती दारापर्यंत गेली. खोलीत बाई नव्हती. टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा निळसर उजळला होता आणि पूर्वा कोपऱ्यातलं दप्तर उघडून मुकाट्यानं सतरंजीवर बसत होती. प्रयागबाई देवापाशी निरांजन लावत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर गोरखनं सांगितलं. शैला नारायणगावच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. दुपारच्या बॅचवरून यायला तिला उशीर व्हायचा, म्हणून तिनं पोरीसाठी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. दिवेलागणीला आपोआप वाजायचा.

"बंद नाही का करता येत?" हर्षालीनं विचारलं.

"मला नाय येत," गोरख म्हणाला. "ते लिनक्स का काय आहे. इथं कुणालाच येत नाय."

तो खोटं बोलत नव्हता. पण संध्याकाळी दुकानातून आला की तो आधी कॉम्प्युटर चालू करायचा आणि मग हातपाय धुवायचा, हे हर्षालीच्या आठवड्याभरात ध्यानात आलं. कॉम्प्युटरपुढं तो कधी बसत नसे. नुसता चालू करायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा, दाराकडं पाठ करून. हर्षाली त्या वेळेला स्वयंपाकघरात काही ना काही काम काढी. आवाज आला की भांडी जरा जोरात घासायची, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

हर्षालीनं लग्नाआधी मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट होतं. आळेफाट्याला डीटीपीच्या दुकानात बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा तिला हात चालता ठेवायला घरी सराव हवा होता. पण शैलाच्या कॉम्प्युटरवर स्टार्टचं बटण नव्हतं. शिकलेलं काहीच जागेवर नव्हतं. सगळे शब्द मराठीत आणि वरच्या कोपऱ्यात नाव, शैला. परक्या बाईच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधावा तसं तिचं व्हायचं.

"आपण विंडोज टाकून घेऊ," एक दिवस ती म्हणाली.

गोरखनं टेबलावरचा शैलाचा फोटो जरा सरळ केला. मग म्हणाला, "रूपेशला बोलावतो."

रूपेश बोरी बुद्रुकचा. आळेफाट्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आला, टेबलावरच्या फोटोकडं बघून क्षणभर थांबला. "मॅडमनी मला शिकवलंय," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला.

"घरच्या वापराला कुठलं बरं, ते सांगा," हर्षालीनं विचारलं.

"खरं सांगू का वहिनी? विंडोज घेतलं तर कोपऱ्यावरच्या पोरालापण विचारता येतं. प्रिंटर जोडा, चालतो. तुमचं टायपिंग, गेमच्या सीड्या, सगळं त्यावर. पण दुसऱ्याचा पेन ड्राइव लावला की व्हायरस आलाच म्हणून समजा. मॅडम त्यालाच कंटाळल्या व्हत्या. लिनक्स फुकट आहे, व्हायरसची भानगड नाय, मराठी चांगलं दिसतं. पण अडलं तर इचारायचं कुणाला? इथं एक मॅडम व्हत्या. आता मी, आणि मला बी अर्धंमुर्धंच येतं."

"मग दोन्ही ठेवता येतील?"

"येतील की. डिस्कचे दोन भाग करतो. एक बाजू त्यांची, एक तुमची."

प्रयागबाई दारात उभी राहून ऐकत होती. "एका घरात दोघी," ती म्हणाली. "बघा बाबा."

त्या दिवसापासून कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वर लिनक्स, खाली विंडोज. काहीच केलं नाही तर थोडं थांबून वरची ओळ आपोआप उघडायची. खालची हवी असेल तर बटण दाबून खाली यायचं. हर्षाली दुपारीच कॉम्प्युटर चालू करी, खाली येई आणि रात्री झोपायच्या वेळेपर्यंत तिथंच ठेवी. गोरख संध्याकाळी यायचा, कॉम्प्युटर चालू दिसायचा, मग करायला काही उरायचं नाही. आवाज थांबला.

पण पूर्वा संध्याकाळी दप्तराशी जाऊन नुसती उभी राहायला लागली. "बस ना अभ्यासाला," हर्षाली म्हणायची. पोर बसायची, पुस्तक उघडायची, आणि तेच पान धरून ठेवायची. गोरख ओट्यावरून उठून गोठ्यात जाऊन उभा राही. हर्षाली छातीवरचा टाक चाचपायची. तिला वाटायचं, आपण काही चुकीचं केलेलं नाही. तरी शैलाच्या नावाचा घास ती जरा मोठा काढायची.

भाद्रपदातली गोष्ट. त्या दिवशी प्रयागबाई पूर्वाला घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेली होती, गोरख दुकानात. दुपारी हर्षाली टायपिंग करत असताना लोडशेडिंगमुळं लाइट गेली. कॉम्प्युटर बंद पडला. तिनं टेबलावरचा कपडा नीट केला आणि मागच्या अंगणात शेंगा निवडत बसली. सावल्या लांबल्या. गोठ्यावर चिमण्या गोळा झाल्या. ती सूप घेऊन आत आली तेव्हा घरात अंधार होता आणि लाइट अजून आलेली नव्हती.

चुलीपाशी वाकली असेल नसेल, तोच डोक्यावरचा बल्ब लागला. पुढच्या खोलीत कसलीशी घरघर झाली. मग पुन्हा शांत. हर्षालीनं काडी ओढली. आणि भिंतीपलीकडून, मोकळ्या घरात, तो आवाज आला.

"पूर्वा, पुस्तक घे बाळा. दिवे लागले."

काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही. तिनं कॉम्प्युटर चालू केला नव्हता. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती मागच्या दारानं बाहेर पडली ती अनवाणी, आणि गोरखची मोटारसायकल अंगणात येईपर्यंत गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली.

रूपेशनं दुसऱ्या दिवशी कारण सांगितलं. लाइट परत आली की कॉम्प्युटरनं आपला आपण चालू व्हायचं, असं एक सेटिंग असतं. मॅडमनी ते करून ठेवलेलं. दोन ओळी आल्या, खाली यायला कुणी नव्हतं, वरची उघडली. एवढंच.

"एवढंच," हर्षाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "भाऊ, ती बाजू पुसून टाका."

गोरख तिथंच होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "पुसा. घर हिचं आहे," आणि चप्पल घालून मळ्याकडं निघून गेला.

रूपेशनं आधी शैलाच्या फाइली एका सीडीवर उतरवून दिल्या. मग पुसायला लावलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. हर्षाली ती भरेपर्यंत तिथंच उभी राहिली. न बघता पुसलं, असं तिला नको होतं.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर वरची ओळ दिसली नाही तेव्हा पूर्वानं विचारलं, "मम्मी कुठं गेली?"

शैला मम्मी आणि हर्षाली आई, असं प्रयागबाईनं पोरीला शिकवलं होतं. इतके दिवस पूर्वानं मम्मीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, अंगणात माणसं जमली होती तेव्हाही विचारलं नव्हतं, असं प्रयागबाई सांगायची. आता ती पडद्यासमोर उभी राहून विचारत होती.

"आहे ना," हर्षाली घाईनं म्हणाली. "हे बघ, या सीडीत आहे."

तिनं सीडी घातली. फाइलींची नावं दिसली. एकावर पूर्वाचं नाव होतं. तिनं ती उघडायला घेतली, आणि पडद्यावर पाटी आली, ही फाइल उघडता येत नाही. पुन्हा केलं, तेच. शैलानं आवाज कुठल्या तरी वेगळ्या पद्धतीनं भरला होता आणि हर्षालीच्या विंडोजला तो वाचता येत नव्हता. पूर्वानं तिसऱ्यांदा पाटी येईपर्यंत वाट पाहिली. मग रडली नाही की काही नाही, आजीच्या अंथरुणात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. त्या रात्री तिला ताप भरला.

प्रयागबाई पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. "मी तुला बोल लावीत न्हाई," ती सुनेला म्हणाली. "पर एकदा गेलेलं मानूस तू परत घालवलंस."

सकाळी ताप उतरला. हर्षाली कुणाला न सांगता एसटीनं आळेफाट्याला गेली. रूपेश दुकानाचं शटर वर करत होता.

"सोपं आहे वहिनी," ऐकून घेऊन तो म्हणाला. "एक छोटा प्लेअर टाकला की विंडोजवर पण वाजंल. पाच मिनटांचं काम."

हर्षाली सीडी हातात फिरवत बसली. पाच मिनिटांचं काम तिला पुरेसं वाटेना. तिला आठवलं, पूर्वा त्या बाजूला मराठीत आपलं नाव लिहायची, पूर्वाचा पू मोठा काढायची. तिथं तिचा चित्रं रंगवायचा खेळ होता. नुसता आवाज आपल्या बाजूला आणून बसवला, तर तो आपल्याच घरात कोंडल्यासारखा होईल.

"नको," ती म्हणाली. "त्यांचं होतं तसं परत बसवा. आणि आवाज आपोआप वाजायला नको. कुणी मागितला तरच."

"आणि अडलं तर?"

"अडलं तर शिकेन. तुम्हाला अर्धंमुर्धं येतं ना, तेवढं मला सांगा."

रूपेश दुपारी येऊन लिनक्स बसवून गेला. शैलाच्या फाइली जागेवर ठेवल्या, हर्षालीसाठी वेगळं नाव आणि पासवर्ड करून दिला. पूर्वा शाळेत होती. प्रयागबाई मागं गोवऱ्या थापत होती. हर्षालीला वाटलं, पोरीला ऐकवायच्या आधी नीट चालतंय का बघावं.

तिनं फाइल उघडली. पहिल्यांदाच ती त्या आवाजासमोर बसून होती. पूर्वा, पुस्तक घे बाळा. दिवे लागले. एरवी एवढ्यावर तिनं भांडी वाजवली असती. आता हातात भांडं नव्हतं. आवाज संपला, नुसती खरखर उरली, पण फाइल संपली नव्हती. ती पुढचं ऐकत बसली.

मागं कुकरची शिटी झाली. प्रयागबाई कुणाला तरी म्हणाली, "अगं, मशीनला काय सांगतीस, ते काय पोरगी हाय व्हय?" शैला काहीतरी पुटपुटली. आणि मग एक पुरुष हसला. खदखदून, दम लागेपर्यंत, बोलायला जाऊन पुन्हा हसू फुटत होतं. "परत भर, परत भर," तो म्हणत होता, "माझं हसू गेलं त्याच्यात." आणि शैला म्हणाली, "राहू दे. असू दे तुझं हसू."

हर्षालीला तो माणूस कोण ते लगेच कळलं नाही. गोरखला हसताना तिनं पाहिलं होतं, ओठ जरा हलवून. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. रोज ओट्यावर दाराकडं पाठ करून तो काय ऐकत बसायचा, ते तिला आता समजलं.

पूर्वा शाळेतून आली तेव्हा हर्षालीनं तिला ऐकवलं. पोरीनं फक्त मान हलवली आणि चित्र रंगवायला घेतलं. पुढं ती आठवड्यातून एकदा मागायची, मग महिन्यातून, मग मोठी झाल्यावर मागेनाशी झाली. हर्षालीला डीटीपीच्या दुकानात काम मिळालं. दिवसभर ती विंडोजवर लग्नपत्रिका आणि दशक्रियेची कार्डं जुळवी आणि घरी आली की वरच्या ओळीतून आत जाई. शिकता शिकता तिला तेच जास्त जमायला लागलं. मशीन जुनी झाली, दुसरी आली, तिच्यावरही तिनं दोन्ही बाजू करून घेतल्या. फाइलबद्दल ती गोरखला कधी बोलली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो रांगायला लागला तेव्हा एकदा पिठाच्या डब्यात बसून पांढराफटक झालेला गोरखला दिसला, आणि गोरख हसला. खदखदून, दम लागेपर्यंत, भिंतीला हात टेकून. पूर्वाही हसली, प्रयागबाईही. हर्षाली हातात ओला फडका घेऊन पोराला पुसायला आली होती. ती मध्येच थांबली आणि नकळत तिनं मागं वळून पुढच्या खोलीकडं पाहिलं. तिथं कॉम्प्युटरचा पडदा बंद होता.