कप रिकामा होईपर्यंत

"अंगठा काय, कुणीही दाबेल, बाय. तू त्यांच्या घरी जा. चहा माग."

रोवेनाबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करणारी रुचिता फोनमधून मान न काढताच हसली होती. तिने ग्रुपवर 'सगळे बरे ना?' विचारलं होतं आणि युवागटातल्या मुलामुलींचे पिवळे अंगठे पटापट उमटत होते. "बाई, तुम्हाला चहाची तलफ, म्हणून तो नियम काढलात," ती म्हणाली. बाईही हसल्या.

नियम खरंच बाईंचा होता. निर्मळच्या वाड्यांमधली मुलं आणि बोळिंजच्या टॉवरमधली मुलं एका सतरंजीवर बसवण्यात त्यांचा जन्म गेला. संस्थेच्या कागदावर त्याला युवा विकास, सामाजिक भागीदारी वगैरे नावं होती. बाई विचारणाऱ्याला "पोरं सांभाळते" एवढंच सांगायच्या. सोसायटीचा हॉल मिळावा म्हणून त्या सेक्रेटरी भालचंद्रकाकांकडे इतक्या खेपा घालत राहिल्या, की किल्ली देतो पण आता केळी आणू नका, म्हणत काकांनी हात टेकले. आणि गटातलं कुणी आलं नाही, की दुसऱ्या दिवशी बाई दोघांना घेऊन त्याच्या दारात. का आला नाहीस, हे विचारायचं नाही. चहा मागायचा आणि कप रिकामा होईपर्यंत उठायचं नाही. तेवढ्या वेळात घर आपणहून बोलायला लागतं, म्हणायच्या. गटातल्या उन्नतीचं कॉलेज सोडवून लग्न ठरवायला घेतलंय, हे असंच कळलं होतं. ते बाईंनी थांबवलं.

बाई निवृत्त झाल्या, त्याच सुमाराला रुचिताला मुलगी झाली. मुलगी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. कपाळ जरा कोमट लागलं की नवऱ्याला ऑफिसातून बोलवून घ्यायची. कामावर परतल्यावर तिने चहाच्या फेऱ्या बंदच केल्या. अंगठा आला, म्हणजे बरं आहे. बाई ग्रुपवर होत्याच. त्यांचा अंगठा सगळ्यांच्या आधी यायचा. तो दिसला की रुचिता खाली लिहायची, 'रविवारी येते हं, बाई, बाळाला घेऊन.' मग बाळाला सर्दी व्हायची, नाहीतर ऊन फार असायचं.

शनिवारी दुपारी उन्नतीचा फोन आला. बाई गेल्या. रुचिताने आधी ग्रुप उघडला. त्या सकाळचाही अंगठा तिथे होता.

दुसऱ्या दिवशी दफन आटोपल्यावर ती बाळाला कडेवर घेऊन बाईंच्या घरी गेली. खाटेवरची चादर काढलेली होती. बाईंचं करायला राहिलेली पिंकी एकटीच घर आवरत होती. सकाळी तर अंगठा आला होता, असं रुचिता पुटपुटली.

"तो मी दाबायची, ताई. पावसाळ्यापासून हात कुठे उचलत होता त्यांचा? रोज बोलायच्या, पिंकी, अंगठा दे गं, नाहीतर ती बाळाला टाकून धावत येईल."

रुचिता खाटेच्या कडेवर बसली. बाळाने तिच्या गळ्यातली साखळी धरून ओढली. तिला ते कळलंही नाही.

"रविवारी मात्र दूध जास्त घ्यायला लावायच्या," पिंकी म्हणाली. "आजचंपण आलंय. चहा टाकू?"

रुचिताने कप घेतला. तो रिकामा होईपर्यंत ती तिथून उठली नाही. घर काही बोललं नाही.

आता तिचं सांगणं एवढंच आहे. तुमच्याही फोनवर रोज कुणाचा तरी असा अंगठा येत असेल. हे वाचून झालं की फोन खाली ठेवा. त्यांच्या घरी जा, आणि चहा मागा.