धुरीबाबाच्या परातीतले किडे

पत्र्याच्या शेडमध्ये आमची सगळी वस्ती दाटीवाटीनं बसली होती आणि सगळ्यांची नजर माझ्या उजव्या पायावर होती. पाय घोंगडीखाली होता. घोंगडीखाली पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात वीट आणि विटेवर तापून लाल झालेलं खापर. धुरीबाबांनी खापरावर तूप सोडलं. धूर डोळ्यांत गेला.

"हलू नगंस पोरी. किडं जागं व्हायलेत," बाबा म्हणाले.

माझ्या आधी बसलेल्या प्रत्येकाच्या परातीत पांढरे, वाकडे, सुतासारखे किडे तरंगले होते. लोक हात जोडून बघत होते. माझा डावा घोटा काळ्या दोऱ्यानं खुंटीला बांधलेला. भोवती पिठाचं रिंगण. रिंगणाबाहेर पाऊल पडलं की किडे थेट काळजात जाणार, असं बाबांनी बजावलं होतं. आईनं मागून माझे खांदे घट्ट धरले होते. जाणार कुठं?

मी, आरोही, इयत्ता नववी, इथं अडकले ती एका ठिपक्यामुळं. आमच्या शाळेत हत्तीरोगाची तपासणी झाली. सरकारी दवाखान्याच्या अजीजा सिस्टरनी सगळ्यांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतला. माझ्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे आजार अंगात आहे.

"पाय तर मोठ्यांचे सुजतात. मग आमची तपासणी कशाला?" मी विचारलं होतं.

"मोठ्यांचा सुजलेला पाय जुन्या डासांची गोष्ट सांगतो," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं रक्त सांगतं, आजार आत्ता कुठं पसरतोय."

मग त्यांनी भिंतीवर वस्तीचा नकाशा लावला. नावं नाहीत, फक्त गल्ल्या आणि लाल ठिपके. ठिपके चिकटवायला मी पुढं झाले. माझ्या गल्लीतला माझा ठिपकाही मीच लावला, आणि चांगला सरळ लावला. सगळे ठिपके नाल्याच्या काठाकाठानं गेले होते. आंधळ्यालाही दिसलं असतं.

बाबांना मात्र वेगळंच दिसलं. "सरकारच्या कागदावर देवीनं नखं मारली की," ते मंगळवारी गरजले. "ज्याच्या दारात तांबडं, त्याच्या घरात पाप." आणि उपाय? सव्वा महिना धुरी. तोवर गोळी बंद, कारण गोळीनं किडे खवळतात. देवीवर एवढा भरवसा असलेल्या बाबांच्या स्वतःच्या खाटेला मच्छरदाणी होती, ते सोडा.

सिस्टरनी दिलेल्या गोळ्या आईनं वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

"दोन्ही करू की गं," मी म्हणाले.

"त्या तुज्या वर्गातल्या गुरूनं गोळी घेतली. ताप आला का न्हाय? मला शिकवू नगंस."

अंगातली हत्तीरोगाच्या किड्यांची पिल्लं मरतात तेव्हा थोडा ताप येऊ शकतो, हे सिस्टरनी आधीच सांगितलं होतं. पण आईच्या डोळ्यांसमोर दगडाबाई आत्या होती. आत्याचा पाय सुजून उखळासारखा झालेला. त्या पायापायी सासरच्यांनी तिला परत पाठवलेलं. आईला माझा पाय तसाच दिसत होता, आणि उशीर झाला तर तो तसाच होणार, हे मला दिसत होतं.

घोंगडी बांबूच्या कमानीवर टाकली होती. आत पाय आहे की नाही, हे बाहेरून कळत नव्हतं. बाबांनी मंत्रासाठी डोळे मिटले. मी पाय हळूच मागं ओढला आणि मांडीखाली दुमडून घेतला.

बाबांनी बटव्यातली मूठभर बी घोंगडीखाली हात घालून खापरावर टाकलं. तडतड झाली. घोंगडी उचलली.

"बघा, पडलं किडं. बारकी पोर, पण आत केवढी वारुळं."

"कुणाच्या पायातून पडले, बाबा?" मी विचारलं आणि मांडीखालचा कोरडा पाय बाहेर काढला.

बाबा क्षणभरच अडखळले.

"नजरेनं ओढलेत मी."

"मग डोळ्यांत धूर कशाला घालता? नुसतं बघा की."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "पोरीच्या तोंडून किडंच बोलायलेत," बाबा म्हणाले, आणि दोघं-चौघं माना डोलवायला लागले. आता मला रोज बांधतील, असं वाटलं.

तेवढ्यात आत्या उठली. पाय ओढत ती थेट रिंगणात आली.

"बाबा, माजं किडं दर मंगळवारी पडत्यात. मग पाय का उतरंना?"

"श्रद्धा कमी पडती, बाई."

"व्हय? बघू की." तिनं बाबांचा बटवा उचलला आणि उरलेलं बी खापरावर ओतलं. घोंगडी नाही, पाय नाही, कुणीच नाही. बी तडतडलं, फुटलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढरे किडे टपटप पाण्यात पडले.

"ह्ये कुणाचं?"

"परातीला बाधा झालीया," बाबा म्हणाले.

यावर मात्र सगळी शेड हसली. माणसं परातीत बघायला पुढं सरसावली. माझ्या पायाचा दोरा आईनंच सोडला.

बटव्यात चिकटलेल्या चार बिया मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेल्या. सिस्टरनी त्या भिजवून सुईनं फोडल्या. ते भुईरिंगणीचं, म्हणजे एका काटेरी रानझुडपाचं बी होतं. आत पांढरा, वाकडा अंकुर. तापल्यावर बी फुटतं, अंकुर उडून पाण्यात पडतो आणि किड्यासारखा दिसतो. हत्तीरोगाचे खरे किडे शरीराच्या आतल्या नळ्यांत राहतात. त्यांची रक्तातली पिल्लं सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. धुरानं कातडीतून बाहेर येत नाहीत.

संध्याकाळी आईनं गोळ्या खाली काढल्या, मला जेवू घातलं आणि दाराला कडी लावली.

"गिळ लवकर. कुणाला कळायला नगं."

"माज्या येळंलाबी अशीच कडी लावली हुती," आत्या भिंतीकडं बघत म्हणाली. "लपवून पाय काय थांबला न्हाय."

मी कडी काढली, उंबऱ्यावर बसले आणि गल्लीसमोर गोळी गिळली.

समोरच्या श्रीदेवीकाकू थांबल्या. "कशाची गं?"

"हत्तीरोगाची. मला झालाय."

त्या इकडंतिकडं बघून जवळ आल्या. "आमच्या धाकटीलाबी दोन रेघा आल्यात. ताप येतो म्हणून दिली न्हाय."

"द्या काकू. ताप आला तर सिस्टरना बोलवू," हे माझ्याआधी आई म्हणाली.

आत्याचा पाय आता पहिल्यासारखा होणार नाही. तो रोज धुवून, कोरडा ठेवून सांभाळायचा, एवढंच. आम्हा पोरांचे पाय अजून वाचतील. म्हणून सांगते, नकाशावरचा लाल ठिपका कुणाच्या पापाचा नाही, तुंबलेल्या नाल्याचा आहे. नाला वाहता करा, मच्छरदाणी लावा, पोरांचं रक्त तपासू द्या. गोळ्या पूर्ण घ्या, आणि दार उघडं ठेवून घ्या.