भलत्या मांडवातली गाथा

छोटेलालची खाट रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली असायची. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या मोटारसायकलवर मागे कोण बसलं, हे आधी त्या खाटेला कळायचं, मग गावाला. असा हा चौकस म्हातारा केवळराम येताना दिसला की खाट उचलायचा आणि घरात शिरायचा. जाता जाता मोठ्यानं म्हणायचा, "मले अजून टाइम आहे गा बाप्पा!"

लोक खो खो हसायचे. केवळराम मान खाली घालून पुढं सरकायचा. मग मग त्यानं त्या रस्त्यानं जाणंच सोडलं.

केवळराम गावचा बौद्धाचार्य. लग्न असो, बारसं असो, नव्या घरात राहायला जायचं असो की मयत, बोलावणं त्यालाच. आवाज असा खणखणीत की वीज गेली आणि माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली कुजबूज थांबायची. एरवीही गडी भलता बोलका. त्याची बायको लीलाबाई म्हणायची, "आमच्या घरी तोंडं दोन, पण बोलाले एकच भेटते, अन् ते काई माहं नाई."

मग करोनाची दुसरी लाट आली. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पोरांची विमानं गावावर दिवसभर घिरट्या घालायची, तीही थांबली. उन्हाळी धान शेतात पिवळं झालं, पण एकमेकांच्या बांधावर कुणी जाईना. माणसं मरत होती आणि मयतीला घरचेच यायला घाबरत होते. त्यांना तरी नावं कशी ठेवणार? जीव सगळ्यांनाच प्यारा. केवळराम मात्र जायचा. तो प्लास्टिकचा पांढरा झगा अंगात घालून, घामानं निथळत, चितेपासून लांब उभा राहून मयतीची गाथा म्हणायचा. ऐकायला कोण, तर चितेला अग्नी देणारा एक आणि अँब्युलन्सचा ड्रायव्हर दुसरा, तोही गाडीच्या काचा वर करून बसलेला. कधी सकाळी एक, दुपारी दुसरी. किती झाल्या हे मोजणं त्यानं लवकरच सोडून दिलं.

त्यातच त्याचा जिवाभावाचा शेजारी केशोराव गेला. केशोरावची बायको शामकला स्वतःच दवाखान्यात होती आणि एकुलती एक लेक अल्का नागपूरला नर्सिंगच्या कोर्सला अडकलेली. केवळरामनं आपला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातला, अल्काला फोन लावला, पिशवी एका दगडावर ठेवली आणि लेकीला ऐकू जावं म्हणून त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं गाथा म्हटली. परत येऊन पाहिलं तर फोनचा पडदा काळा. रडू आवरेना म्हणून पोरीनंच ठेवला असेल, असं त्याला वाटलं.

लाट ओसरली. केवळरामला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. नशीबवान आहेस, असं गाव म्हणालं. पण त्याची झोप उडाली होती, हे फक्त लीलाबाईला ठाऊक. बाजेवर पडला की ती गाथा आपोआप डोक्यात सुरू व्हायची. मोटारपंप सुरू झाला की त्या ठेक्यावर गाथा, बायको सुपात तांदूळ पाखडू लागली की त्या ठेक्यावर गाथा. बोलता बोलता आपल्या तोंडून तीच बाहेर पडेल, या भीतीनं तो शब्द मोजून-मापून वापरू लागला.

आणि ज्याची भीती होती तेच झालं, तेही लग्नात. पुढच्या उन्हाळ्यात अल्काचं लग्न गोरेगावच्या दुर्गेशशी ठरलं. मांडव भरला होता. नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत बसली होती. मेणबत्त्या लावून झाल्या, पंचशील झालं, प्रतिज्ञा झाल्या. आता राहिली फक्त मंगल गाथा. फुलांच्या पाकळ्या मुठीत घेऊन सगळे उभे राहिले. केवळरामनं माइक हातात घेतला आणि त्याची नजर समोरच्या खुर्चीकडे गेली. शामकलानं तिथं केशोरावचा हार घातलेला फोटो ठेवला होता.

"अनिच्चा वत..." केवळरामच्या तोंडून निघालं, आणि पहिली ओळ सुरात, खणखणीत आवाजात पुरी झाली.

मयतीची गाथा, लग्नाच्या मांडवात! दोन लहान पोरांनी तर सवयीनं पाकळ्या उधळूनही टाकल्या. मोठ्यांच्या मुठी तशाच वर राहिल्या. केवळरामला आपण काय म्हटलं ते कळलं, तसा त्यानं माइक टेबलावर ठेवला आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. संघदीप नावाच्या शहाण्या तरुणानं प्रसंग ओळखून मोबाइलवर मंगल गाथा लावली, तर तिच्याआधी सिमेंटची जाहिरात लागली. लग्न कसंबसं आटोपलं. "आपन शकुन-अपशकुन मानत नाई," असं जे सगळ्यात जास्त भ्याले होते त्यांनीच आधी सांगून टाकलं.

त्या दिवसापासून केवळरामच्या तोंडाला कुलूप लागलं. हो, नाही आणि पाणी, एवढ्या तीन शब्दांवर तो संसार करू लागला. विहाराकडे फिरकेना. आपण जिच्या लग्नात ती गाथा म्हटली त्या पोरीचं वाटोळं होणार, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि बातम्याही तशाच यायच्या. दुर्गेशची मोटारसायकल घसरली आणि कोपर फुटलं. त्याच्या आईची म्हैस आटली. अल्काची सासू प्रत्येक वेळी त्या गाथेवरच बोट ठेवते, असं गोरेगावच्या बाजाराला गेलेला जो तो सांगत यायचा.

शेवटी चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून लीलाबाईनं नवऱ्याला गोंदियाला नेलं आणि मनाच्या डॉक्टरपुढं बसवलं. पाटी वाचून केवळराम उठलाच होता, पण लीलाबाई दाराला पाठ लावून उभी. तिला बाजूला सारून बाहेर पडण्याची हिंमत त्याच्यात तरुणपणीही नव्हती. डॉक्टर रेणू मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी लीलाबाईकडून सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, "काका, तुम्ही त्या मयतींना गाथा म्हणत होता, तेव्हा ऐकायला कोण होतं?"

"कोनीच नाई," केवळराम म्हणाला. "मेलेला मानूस अन् मी."

कित्येक दिवसांतलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "हा आजार आहे काका, पाप नाही. झोप येईल. पण जे झालं ते कुणाशी तरी बोलावं लागेल."

झोप आली, हे खरं. बोलणं मात्र आलं नाही. आता बोलायचं कुणाशी? गाव खाट उचलून घरात शिरत होतं.

धानाची रोवणी आटोपली. विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं रोजचं ग्रंथवाचन सुरू झालं, ते यंदा संघदीप करत होता. ऱ्हस्व-दीर्घाची पार माती करायचा, आणि ते ऐकून केवळराम घरात बसल्या बसल्या चडफडायचा, पण जागचा उठायचा नाही. अशातच एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. दुर्गेश आणि अल्का!

"आले वो माय भांडाले," असं पुटपुटत लीलाबाई आत धावली, तर केवळराम मागच्या दारानं बकऱ्यांच्या कोठ्यात पोचलासुद्धा होता. बकऱ्यांच्या मधोमध पाठमोरा बसून आपण कुणालाच दिसत नाही, अशी त्यानं मनाची समजूत करून घेतली.

"काकाजी," अल्का कोठ्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "जय भीम. मले तुमच्यासंगं भांडाचं आहे. बाहेर या."

आता पळायलाही जागा नव्हती. केवळराम बाहेर आला. अंगणात बाजेवर बसला. दुर्गेश उभाच राहिला, कोपरावर जुनी खपली घेऊन. ती खपली पाहून केवळरामनं डोळे मिटून घेतले आणि हात जोडले.

"माफ कर वो बाई," तो कसाबसा म्हणाला. "माह्या जिभेनं तुहा संसार..."

"संसाराचं काय झालं त्याले?" अल्का म्हणाली. "हे मोबाइल पाहत गाडी चालवून राहिले होते, म्हनून पडले. अन् म्हैस म्हातारी झाली आहे. आमच्या सासूबाईले समजत नाई, तुमाले तं समजाले पायजे."

दुर्गेशनं कोपर हळूच मागे लपवलं.

"मंग भांडन कायचं?" लीलाबाईनं विचारलं.

अल्का खाली बसली. तिचा आवाज बदलला. "काकाजी, बाबा गेले त्या दिवशी तुमी फोनवर गाथा ऐकवली. मले किती ऐकू आली, सांगू? एक ओळ. 'अनिच्चा वत' ची पयली ओळ झाली अन् फोन कटला. मी लावत राहिली, लावत राहिली, तुमचा फोन बंद. होस्टेलच्या गच्चीवर मी तशीच बसून होती."

केवळरामनं डोळे उघडले. "तू ठेवला नव्हता फोन?"

"मी काऊन ठेवन जी? माह्या बापाची गाथा होती ते."

"बॅटरी," केवळराम हळूच म्हणाला. "बॅटरी संपली असंन. मी तं दगडाकडे पाहून पुरी म्हटली. तू ऐकून राहिली, म्हनून जोरानं म्हटली."

"मंग कदी विचारलं नाई तुमाले. विचारू तरी कसं? काकाजी, बाबाची गाथा अर्दीच भेटली, बाकीची द्या, असं कोनी म्हनते का? मोबाइलवर ऐकली मी कितीकदा. पन ते काई माह्या बाबासाठी म्हटलेली नव्हती." तिनं पदरानं नाक पुसलं. "अन् लग्नात तुमी माइक घेतला अन् तेच ओळ आली. सारे घाबरले. मी नाई घाबरली. मले वाटलं, बाबा आले मांडवात. आता पुरी होईन. अन् तुमी माइक ठेवून पळून गेले! दोन्ही वेळा पयलीच ओळ, काकाजी. याचंच भांडन आहे. माही गाथा पुरी करा."

वरून बिरसीचं एक शिकाऊ विमान गेलं, त्याचा आवाज विरेपर्यंत केवळराम वर पाहत बसला. जिवंत माणसांपुढं, तरण्याताठ्या जोडप्यापुढं ती गाथा मुद्दाम म्हणायची? त्यानं लीलाबाईकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली.

केवळराम उभा राहिला. चपला काढल्या. पहिली ओळ नीट बाहेर आली नाही, घोगरीच निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला. तिसऱ्या ओळीला त्याला पिशवी ठेवलेला तो दगड आठवला, केशोराव आठवला, बाकीचेही सगळे आठवले, ज्यांच्यामागं रडायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या, पण तो थांबला नाही. या वेळी समोर माणसं बसलेली होती. ती ऐकत होती, रडत होती. शेवटची ओळ त्यानं 'सुखो' या शब्दावर नेऊन टेकवली आणि मटकन खाली बसला.

अल्का म्हणाली, "शेवटी काय म्हनते ते? सुखो?"

"हो. उपजलं ते जाते, म्हनते. अन् सारं निवलं, शांत झालं, का तेच सुख."

"म्हंजे शेवटी सुखच येते?"

"सुखच."

"मंग हे अपशकुनी कसी काय जी?" अल्का एकदम हसली, डोळ्यांत पाणी तसंच. "तुमी तं सुखापर्यंत पोचलेच नाई! अर्द्यावर सोडली म्हनून सारे भ्याले."

इतकी वर्षं केवळराम तो शब्द म्हणत आला होता, लोकांना अर्थ समजावून सांगत आला होता. आणि तोच शब्द आज या पोरीनं त्याला परत दिला. छातीवरून भाताचं पोतं उतरावं तसं त्याला झालं. तो हसला, मग हसता हसता परत रडला, आणि लीलाबाईनं त्याच्या पाठीवर असा जोराचा धपाटा घातला की बकऱ्या ओरडल्या.

"आता मंगल गाथा," अल्का म्हणाली. "ते पन राहिलीच आहे. सिमेंटवाली मी धरत नाई."

नवराबायको बाजेवर शेजारी शेजारी बसली. लीलाबाईनं कुंपणाजवळची सदाफुली ओरबाडून मूठभर फुलं आणली. दुर्गेशनं मोबाइल काढला आणि म्हणाला, "थांबा काकाजी, हे पन रेकॉर्ड करतो. पयलीबी केली. आईले दोन्ही ऐकवतो, शेवटपर्यंत." केवळरामनं मंगल गाथा अशी म्हटली की विहारातून संघदीप धावत आला. लीलाबाईनं त्या दोघांवर फुलं उधळली, उरलेली नवऱ्याच्या डोक्यावर टाकली.

पाहुणे गेले. केवळराम मात्र बोलायचा थांबेना. केशोराव कसा होता, दगडावरचा फोन, ते झगे, तो ड्रायव्हर, सगळं एकेक बाहेर येत होतं. लीलाबाईचा स्वयंपाक उतू गेला तरी तिनं त्याला अडवलं नाही. पुढच्या खेपेला डॉक्टर मॅडमलाही हे सगळं सांगायचं, असं त्यानंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढरा सदरा घालून केवळराम वाचनासाठी विहाराकडे निघाला, तो लिंबाच्या रस्त्यानं. छोटेलालनं त्याला लांबून पाहिलं आणि सवयीनं खाट उचलायला तिच्या माचव्याला हात घातला.

"बसून राहा गा," केवळराम म्हणाला. "मी काई न्याले नाई आलो." आणि तो त्याच खाटेवर, पायथ्याशी टेकला. "त्या गाथेत शेवटी काय आहे, तुले मालूम आहे का?"

छोटेलालनं जरा विचार केला. घराकडे पाहिलं, केवळरामकडे पाहिलं, आणि माचव्यावरचा हात काढला.

"सांग," तो म्हणाला. "पन पुरी सांग."