चार ग्रॅमचं बकल

सॅक मी शिवते. एकवीस वर्षं हाच धंदा आहे, आणि हलकी सॅक कशी असते हे मला कोणी शिकवायला येऊ नये. तरी भाची येते. माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी; तिला आई आधीच नव्हती, आणि भाऊ गेल्यापासून गेली नऊ वर्षं ती माझ्याकडेच आहे.

परवा दुपारी तिने माझ्या कापायच्या टेबलावर वजनकाटा मांडला आणि एकेक वस्तू तोलायला बसली. चार दिवस डोंगरात, तेही एकटीने. तंबू भरला आठशे ग्रॅम, म्हणून तो बाद. त्याऐवजी वर ताणायचं नुसतं पातळ कापड. मी जाड स्वेटर ठेवला, तिने काढला. मी परत ठेवला.

"आत्या, पिसांचं जॅकेट घेतलंय ना! मी काय बिऱ्हाड हलवतेय?"

"कुडकुडलीस की कळेल बिऱ्हाड."

"सगळं पाच किलोच्या आत बसवायचंय. बाबा बसवायचा की नाही?"

बसवायचा. तो दात घासायच्या ब्रशची दांडी कापायचा आणि मी शिलाईतलं जादा कापड. आम्हा बहीणभावांना तेवढंच वेड होतं.

मग तिने कपाटातून मी शिवलेली त्याची सॅक काढली. खांद्याचा पट्टा शिलाईत उसवला होता. "हीच नेणार. एवढं शिवून दे." ती सॅक त्याच्याबरोबर दरीतून वर आली होती. पाय मोडून तो वाटेच्या खाली पडला होता. दोन दिवस जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. शोधणारे वरच्या वाटेने दोनदा गेले, पण वाऱ्यात त्यांना हाक ऐकू आली नाही.

"आणि हे छातीचं बकल असं कसं?" ती पट्टा चाचपत म्हणाली. "अडकलं तर फुंकायला शिट्टीवालं असतं ना सगळ्यांना? तू तर प्रत्येक सॅकला लावतेस."

पडलं असेल तुटून, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ही पोर तीच सॅक पाठीवर घेऊन एकटी निघाली होती.

"मीच लावलं नाही," मी म्हणाले. "सॅक चारशे दोन ग्रॅम भरत होती. मला चारशेच्या आत हवी होती. साधं बकल चार ग्रॅमने हलकं, म्हणून ते लावलं. तीनशे अठ्ठ्याण्णव! गल्लीभर मिरवलं मी."

"बाबाला माहीत होतं?"

"नाही गं. तो आकडा बघूनच खूश झाला."

"आणि नऊ वर्षं तू गप्प बसलीस?"

"घाबरले. तू निघून गेली असतीस तर मी काय केलं असतं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून बकलांचा डबा उघडला, शिट्टीचं एक काढून माझ्यासमोर ठेवलं. "लाव."

लावलं. पट्टाही शिवला. दुसऱ्या कोणी अशी वाकडी शिलाई घातली असती तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. तिने दोरा तोडला, सॅक उचलली आणि जिना उतरून गेली. स्वेटर, स्लीपिंग बॅग, सगळं टेबलावरच राहिलं. गेली, मला वाटलं. संपलं.

तेवढ्यात खालून शिट्टी वाजली.

मी धावत जिन्यात आले. "ऐकू आली गं!" म्हणून ओरडले. ती पुन्हा वाजली. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कोणीतरी चिडून काय चाललंय म्हणून विचारलं. पोर थांबेना. श्वास घ्यायची, वाजवायची, मध्येच हुंदका यायचा, की पुन्हा वाजवायची. मी कठडा घट्ट धरून उभी राहिले आणि दर वेळी सांगत राहिले, ऐकू आली, आली ऐकू.