वसुबारसेचं वासरू

लेस्टरहून आणलेली गवार मोडत आश्लेषाताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या होत्या. उद्या वसुबारस. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळातल्या बायका पूजेला येणार होत्या, आणि इथे परदेशात खऱ्याखुऱ्या गाय-वासराची पूजा होते याचा मंडळाला कोण अभिमान! ताईंचे यजमान डॉ. शशिधर निवृत्तीनंतर डर्बीशरच्या या टेकडीवर याक पाळत होते. लोकांनी आधी त्यांना वेड्यात काढलं आणि मग फोटो काढायला रांगा लावल्या.

सप्टेंबरात त्यांनी स्कॉटलंडहून एक याक गाय आणि तिची पांढरीशुभ्र कालवड विकत आणली होती. कालवडीचं नाव ठेवलं गौरी. नवी जनावरं म्हणून दोघी खालच्या कुरणात वेगळ्या होत्या. वरच्या गोठ्यातल्या बाकीच्या गाई जुलैत गाभण राहिल्या होत्या.

बाहेर अंगणात पशुवैद्य रचना शशिधरांना समजावत होती. ती ब्रॅकनेलला वाढलेली, त्यामुळे मराठी बोलताना जरा अडखळायची.

"काका, गौरीचा टेस्ट पॉझिटिव्ह आलाय. आईच्या पोटातच तिला व्हायरस लागला. बाहेरून हेल्दी दिसते, पण लाळेतून, श्वासातून आयुष्यभर पसरवत राहणार. तीन आठवड्यांनी परत टेस्ट करू. कन्फर्म झालं तर तिला पुट डाउन करावा लागेल, म्हणजे इंजेक्शन देऊन मारावा लागेल. तोपर्यंत वरच्या गोठ्याजवळ अजिबात आणू नका. गाभण गाईंना लागला तर पोटातले वासरं जातील, नाहीतर जन्मतःच गौरीसारखे होतील."

"उद्या पूजा आहे," शशिधर म्हणाले.

"मग खालच्या कुरणात करा ना."

"तिथे चिखल आहे. बायका पैठण्या नेसून येणार."

रचना आणखी काही सांगू पाहत होती, पण शशिधर घड्याळाकडे बघू लागले. पहिल्यांदा आली तेव्हा हीच मुलगी त्यांना केवढी आवडली होती! गाव कोणतं, घरी कोण कोण, सगळं विचारून झालं. मग ती सहज म्हणाली, "एप्रिलमध्ये आम्ही सगळे कॅमडेनला जातो, बाबासाहेबांचं घर बघायला." त्या दिवसापासून शशिधरांची 'रचना बाळ' ही 'डॉक्टरीणबाई' झाली आणि तिचा चहा बाहेर अंगणात जाऊ लागला. ट्रे घेऊन जायच्या त्या आश्लेषाताईच. त्यांना सगळं कळत होतं, आणि कळूनही त्या ट्रे उचलत होत्या.

रचनाची गाडी फाटकाबाहेर पडली तसे शशिधर आत आले. "चाळीस वर्षं लोकांना भूल दिली मी. आता गाईची पूजा कुठे करायची ते हिनं मला शिकवायचं? त्या लोकांना गाईचं काय कळतंय? मेलेल्या गाईचं कळत असेल."

ताईंनी हातातली शेंग खाली ठेवली. पण उद्या घरात पाहुणे, कशाला वाद, असं म्हणून त्या पुन्हा गवार मोडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गौरी आणि तिची आई वरच्या अंगणात आल्या. गौरीला झेंडूची माळ घातली. ती प्रत्येकीचा हात चाटायची, बायका कौतुकानं हसायच्या आणि त्याच हातांनी कठड्यावरून तोंड काढणाऱ्या गाभण गाईंना बाजरीचा नैवेद्य भरवायच्या. खरोखर रोग पसरवणाऱ्या कालवडीच्या पाया पडायला सगळ्यांची झुंबड, आणि जिच्यापासून कुणालाच कसला अपाय नव्हता त्या बाईला घराचा उंबरठा बंद. विटाळ कशाचा मानायचा, एवढंही आपल्याला कधी कळलं नाही.

नंतर दुसऱ्या टेस्टसाठी रचनाचे फोन आले, शशिधरांनी ते उचलले नाहीत. जानेवारीपासून गाई गाभडू लागल्या. उरलेल्यांपैकी एकीनं एप्रिलच्या एका सकाळी पुऱ्या दिवसांचं, पण मेलेलं वासरू टाकलं. तेव्हा मात्र शशिधरांनी आपण होऊन रचनाला बोलावलं.

तिनं नमुने घेतले. अंगणाच्या फाटकाशी मेलेली जनावरं नेणारी गाडी येऊन थांबली होती. गोठ्यापासून तिथपर्यंत वासरू न्यायचं होतं.

शशिधर दोन पावलं मागे सरले. "एवढं उचलून ठेवा ना तुम्ही. तुमच्या लोकांना सवय असते."

रचनानं हातमोजे काढले. आवाज चढवला नाही. "माझे पणजोबा गावात मेलेले ढोरं ओढायचे. एक दिवस त्यांनी नाही म्हटलं. त्यासाठी खूप मार खाल्ला. नमुने घेणं माझं काम आहे, काका. वासरू तुमचं आहे."

गोठ्यात वासराची आई हंबरत होती. आश्लेषाताईंना शरमेनं मान वर करवेना. ताटात गूळ-बाजरी घेऊन त्या दिवशी आपणच या गाईंपुढे उभ्या होतो, हे त्या विसरू शकत नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, खाली वाकून वासराचे मागचे पाय धरले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"पुढचे पाय तुम्ही धरा."

"अगं, मंडळात कळलं तर..."

"पूजा आपण केली, आता मढंही आपणच उचलायचं. धरा."

शशिधर वाकले. मान दुसरीकडे वळवून का होईना, वाकले. दोघांनी मिळून वासरू गाडीपर्यंत नेलं.

परत येताना ताई रचनासमोर थांबल्या. "गौरीचं काय करायचं?"

"परत टेस्ट करून पुट डाउन करायला न्यावा लागेल, मावशी. नाहीतर पुढच्या वर्षी हेच."

"थांब जरा," शशिधर मध्येच म्हणाले. "मी आधी कुणालातरी विचारतो."

"कुणाला विचारायचं?" ताई म्हणाल्या. "सांगणारी ऑक्टोबरात इथेच उभी होती. तुम्ही तिची जात ऐकलीत, आणि मी तुमचं ऐकलं." मग रचनाकडे वळून त्यांनी सांगितलं, "गौरीला न्या. बाकीच्या सगळ्यांच्या टेस्ट करा. मी धरते एकेकीला."

यंदा मंडळाच्या सभेत वसुबारसेचा विषय निघेल तेव्हा आश्लेषाताई उभ्या राहणार आहेत. वासरं कशानं मेली ते त्या सांगतील. व्हायरसचं नाव सगळे लक्ष देऊन ऐकतील. दुसरं नाव, जातीचं, त्या घेऊ लागतील तेव्हा किती जण खुर्चीत बसून राहतात, ते आपण पाहायचं. आपणही तिथेच बसलेले असू.