हो, उठते

निशांतनं चौथ्यांदा 'उठून बसा'वर अंगठा दाबला आणि चौथ्यांदा तेच वाक्य आलं. तुम्ही उठला नाहीत. दुपारचे बारा वाजले आहेत.

"अरे यार, ये क्या बात हुई! बटन चालतच नाहीये. श्रेया, तुझ्या गेममध्ये बग आहे."

"बग नाही, दादा. पुढे वाच," श्रेया म्हणाली आणि पोह्यांवर उगाच आणखी जिरावण मसाला भुरभुरला.

ना चित्रं, ना आवाज. नुसतं लिहिलेलं वाचायचं आणि खालच्या तीनपैकी एक उत्तर निवडायचं, असा तो गेम. खेळणाऱ्यानं डिप्रेशनमधली एक मुलगी व्हायचं आणि तिचा एक दिवस काढायचा, बस. सहा महिने खपून श्रेयानं तो बनवला होता. लोकांना कळावं म्हणून, असं ती ऑफिसात सांगायची. साफ खोटं! तो बनवला होता एका माणसासाठी, या सख्ख्या भावासाठी.

तीन वर्षांपूर्वी ती स्वतः आठ महिने अंथरुणात पडून होती. तेव्हा या दादानं भर दुपारी तिचा झोपलेला फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. 'आमच्या महाराणी अजून शयनकक्षात. कोणीतरी आरती ओवाळा.' काका हसले, माम्या हसल्या, पार ग्वाल्हेरची मंडळी हसली. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि दोन दिवस जेवली नाही. पुढे बरी झाली, नोकरी लागली, दादाचं लग्न झालं, पण तो फोटो काही तिच्या घशाखाली उतरला नाही. गेमच्या शेवटी मात्र तिनं तोच फोटो, तोच मजकूर आणि खाली दादाचं नाव, सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं.

महिन्यापूर्वी तिनं लिंक फक्त त्यालाच पाठवली. गेम कितीदा खेळला गेला ते तिला लॅपटॉपवर दिसायचं. एकदा. मग परत. मग रोज, सकाळी अकराच्या सुमारास, आणि दर वेळी अगदी शेवटपर्यंत. जळतोय बच्चू! राजवाड्याजवळच्या आपल्या दुकानात बसून रोज स्वतःचं नाव वाचतोय! तिला कितीतरी दिवसांनी छान झोप लागू लागली. पण त्यानं एकट्यानं जळून भागणार नव्हतं, तिचं हसं तर चारचौघांत झालं होतं. शिखावहिनीचा फोन आला, "रविवारी घरी नाश्त्याला ये, उज्जैनहून बाबा येतायत," तेव्हा सासऱ्यांसमोरच याचं नाक कापायचं, हे तिनं ठरवून टाकलं.

आणि आता तिनंच पुढे केलेल्या फोनवर हा पठ्ठ्या पहिल्यांदाच बघतोय असा आव आणत होता. काय पण नाटकी माणूस! समोर लक्ष्मीकांतराव, वहिनीचे वडील, जावयाचं कौतुकानं ऐकत होते.

"'दाराबाहेर घरचे बोलत आहेत. म्हणतात, सगळं सोंग आहे.' बरोबरच म्हणतायत, भिया!" निशांत दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा वाचत सुटला. "एक, 'मी आजारी आहे.' दोन, 'मला एकटं सोडा.' तीन, 'हो, उठते.'"

त्यानं पहिलं दाबलं. घरचे हसले. दुसरं दाबलं. घरचे आत आले.

"फालतूपणा आहे सगळा. यात जिंकायचं कसं?"

"तिसरं दाबा," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात जिलबीची थाळी होती. "'हो, उठते' म्हटलं की ते जातात. मग दार लावून परत पडता येतं."

"तुला काय माहीत?"

"तुम्हीच फॉरवर्ड केलं होतं ना. 'तू बघून घे, मला टाइम नाही,' म्हणालात."

श्रेयाचा घास तोंडातच राहिला. विजेचं बिल असो, गॅसचं काम असो, दादा काहीही न उघडता बायकोकडे ढकलतो, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मग आपल्याच डोक्यात हे कसं आलं नाही? रोज अकराला तो दुकानात असायचा आणि घरात ही एकटी असायची. महिनाभर आपण कुणाच्या जळण्यावर खूश होत होतो ते तिला कळलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

"रोज खेळतेस, बेटा?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"हो. फोनवर मी तुम्हाला 'मस्त आहे' म्हणते ना बाबा, त्याच्या आधी."

"घरात आराम आहे, म्हणून सुचतं हे," निशांत हसत म्हणाला आणि त्यानं तिसरं दाबलं. त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय आलं?" लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"काही नाही. संपला गेम."

"नाही संपला," वहिनी म्हणाली. "आता तुमचं नाव येतं."

तिनं थाळी वडिलांपुढे ठेवली. आता कुठे श्रेयाला उमगलं. आजचं आमंत्रण हिनंच दिलं होतं.

लक्ष्मीकांतरावांनी थाळी बाजूला सरकवली.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "फोन उचला आणि वाचा. मी ऐकतोय."

निशांतनं श्रेयाकडे पाहिलं, यातून सोडव म्हणून. श्रेयानं वहिनीला बसायला खुर्ची ओढली.